तारेच्या फॉर्मवरचं संगीत

(१९७७ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे, एकदोन ठिकाणी वाक्यं तेवढी सावरली आहेत.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. विषय तुझा तू निवड, पण बीपी, शुगर आणि मणक्याची गादी यांवर बोलायचं नाही, अशी अट घातली आहे. त्यामुळे मला येणारे तीन विषय बाद झाले. चौथा विषय घेऊन उभा आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे की मी नोकरी केली ती तार खात्यात. १९८० साली लागलो. कट्ट-कडकट्ट शिकलो, मग टेलिप्रिंटर आला, मग संगणक आला, आणि जुलै २०१३ मध्ये तारच बंद झाली. आयुष्यातली उमेदीची वर्षं मी काउंटरवर बसून लोकांनी भरलेले फॉर्म वाचले. शब्द मोजायचे, पैसे घ्यायचे, तार पुढे पाठवायची. शब्दाला पैसे पडत, म्हणून माणसं शब्द खोडत. ‘आई सिरियस लवकर ये’ यातला ‘लवकर’ खोडला तर किती वाचतील, हे हिशेब मी रोज पाहिले. शुभेच्छांना तर आकडे ठरलेले होते. लग्नाच्या शुभेच्छा द्यायच्या तर फॉर्मवर नुसता आकडा टाकायचा. आणि तार हातात पडली की फोडायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची, हे तुम्हाला सांगायला नको.

हे सांगायचं कारण असं. माझी नात पुण्यात पियानो शिकते. पियानो म्हणजे खरं तर कीबोर्ड, पण तिच्यासमोर तसं म्हणायचं नाही. एकदा तिला क्लासवरून आणायला गेलो होतो. क्लास संपला नव्हता. आत तिच्या बाई फोनवर काहीतरी लावून मुलांना ऐकवत होत्या. मी दाराशी उभा राहून ऐकलं. आधी एकच सूरमालिका, एकटी. मग तीच खालून दुसरीकडून आली, पहिली चालूच. मग तिसरीकडून. मी पेटीवर हात फिरवणारा माणूस, मला ते सगळं कळलं असं नाही. पण हलता येईना. बाईंना विचारलं, हे कुणाचं? त्या म्हणाल्या, ‘काका, हे एका रशियन कैद्यानं तुरुंगात लिहिलंय. तिथे पियानो नव्हता आणि कागदही नव्हता. तारेच्या फॉर्मवर लिहिलंय.’

तारेच्या फॉर्मवर! तुम्हाला नुसती गंमत वाटली असती. मला रात्री झोप लागली नाही. मग नातीकडून आणि जावयाकडून जे जे मिळालं ते वाचलं, विचारलं, ऐकलं. ते आज तुम्हाला सांगतो. आणि शेवटी सरांना एक प्रश्न विचारणार आहे. तो विचारायला मला इतकी वर्षं लागली.

त्या माणसाचं नाव व्सेवोलोद झादेरात्स्की. मला ते नीट म्हणायला आठवडा लागला, तेव्हा तुम्ही आत्ता प्रयत्न करू नका. १८९१ मध्ये रिव्ने या गावी जन्म. ते गाव आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा रशियाच्या साम्राज्यात होतं. मॉस्कोला संगीत शिकले, कायदाही शिकले. उत्तम पियानो वाजवत. झारच्या राजपुत्राला काही काळ त्यांनी पियानो शिकवला, असं त्यांच्या चरित्रात येतं. क्रांतीनंतर यादवी झाली, तेव्हा ते बोल्शेविकांच्या विरुद्ध बाजूच्या सैन्यात होते. झालं. कपाळावर दोन शिक्के बसले: राजवाड्यात शिकवलेला, आणि शत्रूच्या सैन्यात लढलेला. हे शिक्के जन्मभर पुसले गेले नाहीत.

पहिली मोठी अटक १९२६ मध्ये झाली. त्या वेळी त्यांच्या तोवरच्या सगळ्या रचनांची हस्तलिखितं नष्ट करण्यात आली. वयाच्या पस्तिशीपर्यंत माणसानं जे जे रचलं ते सगळं, एकही पान न ठेवता. त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचले. दोन वर्षांनी सुटले आणि पुन्हा लिहायला बसले.

दुसरी अटक १९३७ ची. तेव्हा ते यारोस्लाव्हल नावाच्या शहरात संगीत शिकवत होते, विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद बसवत होते. आरोप काय, तर फॅसिस्ट संगीताचा प्रचार. त्यांच्या कार्यक्रमात वाग्नर आणि रिचर्ड श्ट्राउस यांच्या रचना होत्या, दोघेही जर्मन. एवढ्यावर माणूस उचलला. स्टालिनच्या राजवटीतलं ते सर्वांत वाईट वर्ष. घरी बायको आणि लहान मुलगा.

त्यांना पाठवलं कोलिमाला. रशियाच्या नकाशात अगदी उजवीकडे, वरच्या कोपऱ्यात बोट ठेवा. मगदान हे तिथलं बंदर. आगगाडी नाही, रेल्वेनं देशाच्या पूर्व टोकापर्यंत नेऊन पुढे बोटीत कोंबून नेत. जमिनीत सोनं होतं, ते कैद्यांच्या हातांनी काढायचं. हिवाळ्यात उणे चाळीस, उणे पन्नास. वार्लाम शालामोव्ह या लेखकालाही त्याच वर्षी, १९३७ मध्ये, तिथे नेलं होतं; त्यांनी पुढे लिहिलेल्या कोलिमाच्या कथा वाचल्या तर थंडीपेक्षा भूक मोठी होती हे कळतं.

अशा ठिकाणी या माणसानं पियानोसाठी चोवीस प्रील्यूड आणि चोवीस फ्यूग लिहिले. १९३७ ते १९३९ या काळात.

आता हे प्रील्यूड आणि फ्यूग काय प्रकरण आहे, ते माझ्या पद्धतीनं सांगतो. जाणकारांनी कानावर हात ठेवावेत.

पेटीच्या एका सप्तकात किती पट्ट्या? सरांनी आपल्याला घोकून घेतलं होतं: बारा. सात शुद्ध, चार कोमल, एक तीव्र. पियानोलाही त्याच बारा. गाणारा म्हणतो, माझी काळी एक, किंवा पांढरी चार. म्हणजे तिथे माझा सा. तसा बारांपैकी कुठल्याही पट्टीवर सा धरता येतो. आणि प्रत्येक ठिकाणी पाश्चात्त्य संगीतात दोन ठाट, मेजर आणि मायनर. ढोबळ सांगायचं तर एकात गंधार शुद्ध, दुसऱ्यात कोमल. बारा दुणे चोवीस. बाख नावाच्या जर्मन संगीतकारानं १७२२ मध्ये या चोवीसही घरांसाठी एकेक जोडी लिहिली. जोडीतला पहिला तो प्रील्यूड, म्हणजे मोकळा. आपण गाण्याआधी सूर जमवतो, मनात येईल तसे फिरतो, तसा. दुसरा फ्यूग, तो मात्र शिस्तीचा. त्यात एक आवाज एक छोटी ओळ एकटाच म्हणतो. मग दुसरा आवाज तीच ओळ वरच्या किंवा खालच्या सुरावरून उचलतो. आपल्याकडे भजनात टाळकरी ओळ उचलतात, तसंच. फरक एवढाच की आपल्याकडे टाळकऱ्यांनी उचललं की बुवा थांबतात. इथे बुवा थांबत नाहीत. ते पुढचं काही म्हणत राहतात, आणि ते या ओळीशी जुळावं लागतं. मग तिसरा येतो, कधी चौथा. आणि हे सगळे बुवा आणि टाळकरी एकाच माणसाच्या दहा बोटांत.

हे लिहिताना आपण बसतो पियानोपाशी. वाजवून पाहतो, खोडतो, पुन्हा वाजवतो. झादेरात्स्कींपाशी पियानो नव्हता. ते सगळं डोक्यात वाजवायचं, चारही आवाज एकदम, आणि मग पेन्सिलीनं उतरवायचं.

कागदाची हकिकत त्यांच्या मुलानं पुढे सांगितली. मुलगा मोठा होऊन संगीताचा अभ्यासक झाला. तो सांगतो ते असं: वडील गोष्टीवेल्हाळ. संध्याकाळी बराकीत इतिहासातल्या गोष्टी रंगवून सांगत, आणि कैद्यांबरोबर पहारेकरीही ऐकत. त्या गोष्टींच्या बळावर त्यांनी कागद मागितला. मिळालं ते असं: तारेचे फॉर्म, छोट्या वह्या, पेन्सिल. अट एक. शब्द लिहायचा नाही. फक्त सूर लिहायचे.

मित्रांनो, मी इथे थांबलो होतो. ज्यानं जन्मभर तारेचे फॉर्म हाताळले त्याला विचारा हे काय आहे. तारेचा फॉर्म बनवला आहे शब्दांसाठी. ‘मी बरा आहे’, ‘लवकर ये’, ‘पैसे पाठव’. त्या माणसाला दूर घरी बायको आहे, मूल आहे, त्यांना आपण जिवंत आहोत हे कळवायची परवानगी नाही. आणि हातात गठ्ठा कशाचा, तर निरोप पाठवायच्या कागदांचा. त्यावर शब्द सोडून काहीही लिही म्हणाले. मग त्यांनी त्यावर पाच-पाच रेघा ओढल्या आणि चोवीस घरांत फिरून आले.

मला आधी वाटलं, यात आक्रोश असेल. तुरुंगातलं संगीत म्हणजे रडणारं किंवा चिडलेलं असणार, ही आपली समजूत. नातीनं मला एकेक लावून दिलं. काही आहेत तसे, घंटेचे टोल पडावेत तसे जड. पण काही अगदी खेळकर आहेत, पोरं जिना उतरतात तसे. काही नुसते शांत. मी नातीच्या बाईंना विचारलं, तिथे राहून असं कसं सुचलं? त्या म्हणाल्या, ‘काका, चोवीस घरं पुरी करायची म्हटल्यावर सगळ्या घरांत जावं लागतं. दुःखाच्या एकाच खोलीत बसून चालत नाही.’

मला ते पटलं. कोलिमात रोज उद्या असेल की नाही याचा भरवसा नाही. अशा ठिकाणी ज्यानं चोवीसचा संकल्प सोडला, त्याला तेविसाव्यापर्यंत जगायला कारण मिळालं. आपण अकरा प्रदक्षिणांचा नेम धरतो तसं. नेम धरला की पाय आपोआप उठतात.

तुरुंगात लिहिणं आपल्याला नवं नाही. टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेत पेन्सिलीनं लिहिलं. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली, ती तर आपल्याला शाळेत वाचून दाखवून रडवलेली आहे. पण ती शब्दांची माणसं होती, आणि बाहेर लाखो लोक त्यांची वाट पाहत होते. बाहेर आल्यावर पुस्तकं छापली गेली, घराघरांत गेली. झादेरात्स्कींचं तसं झालं नाही, आणि मला खरं सांगायचं आहे ते यापुढचंच.

१९३९ च्या जुलैत त्यांची सुटका झाली. ते फॉर्म त्यांच्याबरोबर आले. पुढे युद्ध, गावोगाव वणवण, शेवटी १९४९ मध्ये लव्हिवच्या संगीत महाविद्यालयात शिकवण्याची जागा. लिहीत राहिले. पण हयातीत त्यांची एकही रचना छापली गेली नाही. १९५३ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला हृदयविकारानं गेले. महिन्याभरानं, ५ मार्चला स्टालिनही गेला. एवढी चुकामूक.

दरम्यान शोस्ताकोविच या जगप्रसिद्ध रशियन संगीतकारानं १९५०-५१ मध्ये चोवीस प्रील्यूड आणि फ्यूग लिहिले. ते गाजले, आजही गाजत आहेत, आणि फार सुंदर आहेत. त्याच्या अकरा-बारा वर्षं आधी कोलिमात दुसऱ्या एकानं तेच काम पुरं केलेलं होतं, आणि ते कागद एका घरात पडून होते. मुलानं जपले म्हणून राहिले. ते चोवीस जोड संपूर्ण, पहिल्यांदा जाहीरपणे कधी वाजले? २०१४ च्या डिसेंबरमध्ये, मॉस्कोच्या संगीत महाविद्यालयातल्या रख्मानिनोव्ह सभागृहात. याशा नेम्त्सोव्ह नावाच्या पियानोवादकानं पुढाकार घेतला आणि अनेक वादकांनी मिळून ते वाजवले. म्हणजे आपल्याकडे तार बंद झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी तारेच्या फॉर्मवरचा मजकूर पोचला. मी खात्यात असताना उशिरा पोचलेल्या तारांच्या पुष्कळ तक्रारी ऐकल्या. पंचाहत्तर वर्षांचा उशीर झालेली तार ही एकच.

हिशेब करा. छळछावणीत दोन-अडीच वर्षं. बाहेर, कुणी न विचारता, पंचाहत्तर वर्षं. त्यांना कैदेत टाकणारे एक. पण सुटल्यावर कुणी विचारलंच नाही की, बाबा रे, तिथे काय केलंस? ते न विचारणारे दुसरे. त्यांत वाईट माणसं कमी असतील. घाबरलेली जास्त असतील.

आणखी दोन माणसं थोडक्यात सांगतो, म्हणजे हे एकट्याचं वेड नव्हतं हे कळेल.

व्हिक्टर उल्मान हे ज्यू संगीतकार. १९४२ च्या सप्टेंबरात नाझींनी त्यांना तेरेझिनच्या छावणीत टाकलं. आजच्या चेक देशात प्राग शहराच्या उत्तरेला आहे ते. तिथे दोन वर्षांत त्यांनी पुष्कळ लिहिलं, त्यात पियानोचे तीन सोनाटा, म्हणजे अनेक भागांच्या मोठ्या रचना. शेवटचा, सातवा, २२ ऑगस्ट १९४४ या तारखेचा. तो त्यांनी आपल्या मुलांना अर्पण केला आहे. त्यातली दोन आधीच इंग्लंडला पाठवलेली होती. त्याचा शेवटचा भागही फ्यूग आहे. एका हिब्रू गाण्याची चाल धरली आहे, तिच्यात चेक लोकांचं जुनं युद्धगीत विणलं आहे, आणि बाखच्या नावाची अक्षरंही. जर्मन पद्धतीत त्या चारही अक्षरांना स्वर आहेत, म्हणून नाव वाजवता येतं. ज्या जर्मनांनी कोंडलं त्यांच्याच बाखला त्यांनी सोबतीला घेतलं. तिथेच एका लेखात त्यांनी म्हटलं आहे की आम्ही काही रडत बसलो नव्हतो. आमची निर्मितीची इच्छा आमच्या जगण्याच्या इच्छेएवढीच होती. १६ ऑक्टोबर १९४४ ला त्यांना ऑश्विट्झला नेलं आणि दोन दिवसांत मारलं. कागद मात्र त्यांनी जाण्याआधी छावणीतच विश्वासातल्या माणसाकडे ठेवले होते. युद्धानंतर ते लंडनला पोचले. तिथेही कुणीतरी जपले म्हणून राहिले.

दुसरे मिगेल आंखेल एस्त्रेया, अर्जेंटिनाचे पियानोवादक. त्यांनी तुरुंगात रचना केली म्हणून नव्हे, तर वेगळ्याच कारणासाठी सांगतो. १९७७ च्या डिसेंबरात उरुग्वेच्या लष्करी राजवटीनं त्यांना पकडलं. छळ करणाऱ्यांनी मुद्दाम त्यांचे हात निवडले. तुझे हात करवतीनं कापतो म्हणून भीती घातली. पुढे ज्या तुरुंगात ठेवलं त्याचं नाव ‘लिबेर्ताद’, म्हणजे स्वातंत्र्य. नाव ठेवणाऱ्याला काय म्हणावं! जगभरच्या संगीतकारांनी त्यांच्यासाठी आवाज उठवला, व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिनही त्यांत होते. त्याचा परिणाम म्हणून कोठडीत त्यांना एक मुकी पट्टीफळी मिळाली. पियानोसारख्या पट्ट्या, पण आवाज नाही. त्यावर ते रोज वाजवत. १९८० च्या फेब्रुवारीत सुटले. इथे बाहेरच्यांनी विचारलं, विचारत राहिले, म्हणून माणूस हातासकट परत आला.

आता आपल्या शाळेकडे येतो.

१९७५ च्या जूनमध्ये आपण नववीत गेलो. आणीबाणी त्याच महिन्यात लागली. पावसाळ्यात एक दिवस आपले पेटीसर शाळेत आले नाहीत. तेव्हा सगळे त्यांना पेटीसरच म्हणायचो, आजही मी तेच म्हणणार. प्रार्थनेला पेटी वर्गातून आणून मांडायची आणि परत नेऊन ठेवायची हे काम माझं होतं. मी नेहमीसारखी मांडली. कुणी वाजवायला आलं नाही. प्रार्थना तशीच झाली, बेसूर. मी पेटी परत नेली, हिरवी खोळ घातली. ती खोळ दीड वर्ष निघाली नाही.

सर रजेवर आहेत, एवढंच सांगितलं गेलं. खरं काय ते गावाला ठाऊक होतं. मिसाखाली धरलं, येरवड्याला नेलं. आमच्या घरी वडिलांनी मला बजावलं, सरांच्या गल्लीतून जायचं नाही, त्यांच्या घरच्यांशी बोलायचं नाही. वडील सरकारी नोकरीत होते, पाच पोरं होती. आज मी त्यांना दोष देत नाही.

पण एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही. दिवाळीच्या आसपासची असेल. बाजारात मला सरांच्या घरच्या काकू भेटल्या. हातात पिशवी होती. त्यांनी मला ओळखलं, थांबल्या, आणि एवढंच विचारलं, ‘अरे, पेटीला खोळ घालता ना? दमट हवा आहे, सूर उतरतील.’ तुरुंगातल्या माणसानं भेटीत सांगितलं असेल तर कळत नाही, की त्यांच्याच मनात आलं असेल. मी काय केलं? मान खाली घातली आणि निघून गेलो. ‘हो काकू, घालतो’ एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? तीन शब्द. तारेला सुद्धा परवडले असते.

काकू आज नाहीत. म्हणून हे तुम्हा सगळ्यांसमोर सांगितलं.

मग १९७७ चा फेब्रुवारी. निवडणुका जाहीर झाल्या होत्या, माणसं सुटून येत होती. आपला दहावीचा निरोप समारंभ. सर सुटून चारच दिवस झाले असतील. ते आले आणि मागच्या बाकावर बसले. खूप वाळले होते. मुख्याध्यापकांचं भाषण झालं, मुलींची रडारड झाली. मग कुणीतरी म्हणालं, सरांनी पेटी वाजवावी. मी धावत जाऊन पेटी आणली. खोळ काढली तर भात्याला उंदरानं भोक पाडलेलं. सरांनी त्यावर डाव्या हाताचा अंगठा दाबून भाता मारला आणि उजव्या हातानं वाजवलं. भोकातून वारा फुसफुसत होता आणि मधूनमधून एक सूर घोगरा निघत होता.

आठवतं का कुणाला? मला वाटलं होतं सर प्रार्थना वाजवतील, किंवा आपल्या गॅदरिंगचं गाणं. त्यांनी भलतीच चाल वाजवली. ती आम्ही त्यांच्याकडून आधी कधी ऐकली नव्हती. नंतरही नाही. पाच मिनिटांची असेल. शब्द नव्हते. वाजवून झालं, सरांनी हात जोडले, आपण टाळ्या वाजवल्या, चिवडा-पेढे खाल्ले आणि परीक्षेला लागलो. कुणीही विचारलं नाही, सर, ही चाल कुठली? सर, तिथे कसे होता? सर, तिथे पेटी होती का?

नातीच्या क्लासच्या दाराशी उभा होतो, तेव्हा मला आधी तो रशियन माणूस आठवला नाही, त्याचं नावही तेव्हा मला माहीत नव्हतं. मला तो भात्यावरचा अंगठा आठवला. त्या चालीचा पहिला तुकडा मला अजून येतो. पुढचं विसरलो. काल रात्री मी आपल्या गटातल्या तिघांना गुणगुणून दाखवला. एकाला काहीच आठवलं नाही. एकीला आठवलं की सर वाजवत होते. आणि एकानं, त्याचं नाव मी घेत नाही, नाहीतर तो लाजेल, त्यानं पुढचा तुकडा म्हणून दाखवला. म्हणजे दोन तुकडे आहेत आमच्याकडे.

सर, तुम्ही समोर बसला आहात. वय ऐंशीच्या पुढे गेलं तरी पाठ ताठ आहे, आणि मी चुकीचा सूर लावला तर आजही तुमची भुवई वर जाईल, हे मला माहीत आहे. त्या चालीबद्दल मला काहीच ठाऊक नाही. ती तुम्ही येरवड्यात बांधली असेल. नसेलही, तुमच्या आजोळची एखादी जुनी ओवी असेल आणि मी उगाच गोष्ट रचली असेल. तसं असेल तर तसं सांगा, मी या स्मरणिकेत दुरुस्ती छापून घेईन.

पण विचारायचं राहून गेलं होतं ते आज विचारतो. कार्यक्रम संपला की चहाच्या वेळी मी तुमच्या शेजारी येऊन बसणार आहे. संगीताच्या वर्गातली पेटी दुरुस्त करून आणली आहे, भाता नवा आहे. आमच्याकडचे दोन तुकडे आम्ही म्हणून दाखवू. पुढचं आठवलं तर वाजवा. नाही आठवलं किंवा वाजवावंसं नाही वाटलं, तर नुसतं बसू.

मी सोबत कागद आणला आहे. घरी कपाटात खात्यातले काही जुने फॉर्म उरले होते. ते कोरे आहेत.